सव्वा व्होल्टचं काम

मॉडेल विमानाचं इंजिन सुरू होईना, की माणूस आधी इंजिनावर संशय घेतो. मग इंधनावर. मग कार्ब्युरेटरच्या सुईवर. सुई आत-बाहेर फिरवून ती मूळ जागेवरून पार हलवून टाकतो, आणि मग धड असलेलं इंजिनही बिघडल्यासारखं वागायला लागतं. सगळे उपाय थकल्यावर लक्ष जातं ते हातातल्या वीतभर नळकांड्याकडे, ज्याने प्लग तापवायचा असतो. तोवर बोटांना प्रोपेलरचे एक-दोन फटके बसलेले असतात. असे फटके खाल्लेली बोटं मी बालाघाटच्या माझ्या दुकानात बरीच वर्षं पाहत आलो आहे.

दुकान विमानांचं नाही. रेडिओ, ॲम्प्लिफायर, इमर्जन्सी लाइट, इन्व्हर्टर, आणि अलीकडे घराघरांतले राउटरचे छोटे यूपीएस, असं मिळेल ते दुरुस्त करणारं हे दुकान. पण बॅटरी बदलून देणारा म्हणून नाव झालं की काहीही येतं. केस कापायचं मशीन येतं, फवारणीचा पंप येतो, बोलणारी बाहुली येते. त्यातच हे ग्लो स्टार्टर येऊ लागले. इतर सगळ्या कामांत बॅटरीबद्दल जे अर्धवट कळलं होतं, ते या नळकांड्याने पुरतं कळायला लावलं, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो आहे.

आधी ते करतं काय, ते सांगायला हवं. मोटरसायकलच्या प्लगमध्ये ठिणगी पडते. मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगच्या पोटात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. इंधन असतं मिथेनॉल, त्यात वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल, आणि परवडत असेल तर थोडं नायट्रोमिथेन. सुरुवातीला बाहेरून वीज देऊन ते वेटोळं लालभडक करायचं, प्रोपेलरला झटका द्यायचा, आणि इंजिनने एकदा धरलं की वीज काढून घ्यायची. पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमवर मिथेनॉलची होणारी क्रिया यांच्यावर वेटोळं आपोआप तापलेलं राहतं. अमेरिकेत रे आर्डन यांनी १९४७ च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला. त्याआधी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरीचं ओझं विमानाला स्वतःबरोबर घेऊन उडावं लागे. आर्डनच्या प्लगने ते ओझं जमिनीवर उतरवलं, आणि ते उतरलं नेमकं या नळकांड्यात. त्यात एकच सेल असतो. छापील १.२ व्होल्टचा, ताजा चार्ज केलेला असला तर सव्वा व्होल्टच्या थोडा वर.

सव्वा व्होल्ट म्हणजे काहीच नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही हे काम किरकोळ वाटायचं. पण तो प्लग तीन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, आणि सगळी मेख तिथे आहे.

माझा धंदा खरा वाढला तो वीज जायला लागली तेव्हा. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली, आणि मध्य प्रदेशात भारनियमनाचा सुकाळ झाला. २००३ ची विधानसभा निवडणूक तर बिजली, सडक, पानी याच तीन शब्दांवर लढली गेली. त्या काळात इमर्जन्सी लाइट नाही असं घर शोधावं लागे. त्यातली सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर-तासाची बॅटरी वर्ष-दीड वर्षात मान टाकायची आणि लोक दुकानासमोर रांग लावायचे. मी मल्टिमीटर लावायचो, सहाच्या वर आकडा आला की ‘चांगली आहे’ म्हणायचो आणि दोष सर्किटमध्ये शोधत बसायचो. त्या वेळी गावातले बहुतेक सगळेच मेकॅनिक असंच करत.

भरवेलीची खाण आमच्या शहराला लागूनच आहे. मॉयल कंपनीची ही बालाघाट खाण देशातली सगळ्यात खोल भूमिगत मँगनीज खाण. तिथल्या लॅम्परूममध्ये उमेदीची वर्षं काढून निवृत्त झालेले एक काका संध्याकाळी दुकानात येऊन बसत. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या टोपीला दिवा, कमरेला चार व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आणि दोघांमध्ये जाड केबल. पाळी सुरू होताना दिवा घ्यायचा, पाळी संपली की परत करायचा. हे दिवे चार्ज करायचे, तपासायचे आणि द्यायचे, हे काकांचं काम. मी मीटर लावून बॅटऱ्या ‘पास’ करतो आहे हे त्यांनी काही दिवस मुकाट्याने पाहिलं. मग एकदा म्हणाले, “बाबू, बसल्या बैलाकडे पाहून तो किती ओढते हे समजते का? जू ठेव ना त्याच्या मानेवर.” त्यांच्याकडे दिवा नुसता पेटतो की नाही हे पाहत नसत. पाळी संपेपर्यंत तो तसाच जळेल का, हे पाहत. खाली शेकडो फुटांवर अर्ध्यात दिवा मंदावला तर तिथे दुकान नसतं.

ॲम्प्लिफायरच्या कामामुळे माझ्याकडे ०.४७ ओहमचे, पाच वॉटचे, सिमेंटच्या ठोकळ्यासारखे दिसणारे रेझिस्टर पडलेले असायचे. त्यातला एक दोन क्लिपांना जोडला आणि ते माझं जू झालं. सव्वा व्होल्टच्या सेलवर तो लावला की अडीच अँपिअरच्या पुढेमागे करंट वाहतो. क्लिपा लावायच्या, घड्याळाकडे पाहत दहा सेकंद मोजायचे, आणि त्या वेळी मीटर काय म्हणतं ते वाचायचं. रिकामं असताना मीटर जे म्हणतं ते ऐकायचं नाही.

हिशेब साधा आहे, पण तो हाताने केल्याशिवाय मनात बसत नाही. नव्या, चांगल्या सेलचा अंतर्गत रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजतात. म्हाताऱ्या सेलचा तो एक दशांश ओहमपर्यंत सहज जातो. एक दशांश म्हणजे टॉर्चला काहीच नाही. पण त्यातून तीन अँपिअर ओढायला गेलं की तीन दशांश व्होल्ट सेलच्या पोटातच खर्च होतात. सव्वातले तीन दशांश गेले की प्लगपर्यंत पोचतात ०.९५. तेवढ्यात वेटोळं विटकरी रंगावर जेमतेम येतं. वरून इंधनाचे दोन थेंब पडले की ते विझतं, इंजिन एकदा खोकतं आणि गप्प बसतं. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तीन दशांश गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. ज्याच्याजवळ मुळात सव्वाच आहे, त्याला ते परवडत नाही.

पहिला ग्लो स्टार्टर आणला तो नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्याच गावच्या एका पोराने. इथे नागपूर म्हटलं की काही जण चमकून पाहतात, पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमच्या जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. शिक्षण, दवाखाना, सोयरीक आणि इलेक्ट्रॉनिक्सचं सामान, यांसाठी आम्ही अजूनही तिकडेच जातो. पोरगा एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. तिथे एरोमॉडेलिंग हा शिक्षणाचाच भाग आहे आणि वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. सुट्टीत घरी येताना त्याने कंट्रोल-लाइनचं बाल्साचं विमान आणलं होतं. पन्नास-साठ फुटांच्या दोन पोलादी तारा विमानाला बांधलेल्या, त्यांची मूठ उडवणाऱ्याच्या हातात, आणि तो मधोमध उभा राहून विमानाबरोबर गरगर फिरतो. धानाच्या बांध्यांमध्ये हे जमत नाही, कापणी झाली तरी धुरे आडवे येतात. म्हणून तो शाळेच्या मैदानावर जायचा. तीन संध्याकाळी इंजिन नुसतं खोकलं. चौथ्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, चार्जर रात्रभर लावला होता. मीटरवर पण बरोबर दाखवते.”

मी जू लावलं. १.२६ वरून आकडा ०.७ वर आला आणि खाली जातच राहिला.

ही हत्यारं उघडण्यासाठी बनवलेली नसतात. बूड चिकटवलेलं, स्क्रू कुठेच नाही. केस वाळवायच्या ड्रायरने बूड गरम केलं, कापड गुंडाळून पिळलं, तेव्हा ते सैल झालं. आत जाडजूड ठेंगणा सेल होता, सब-सी मापाचा, साधारण २२-२३ मिलिमीटर जाड आणि ४२-४३ मिलिमीटर लांब. वरच्या टोकाला सीलच्या कडेने पांढरी भुकटी जमली होती. निकेल-कॅडमियम सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी असतं. ते सीलमधून पाझरतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याचं कार्बोनेट होऊन पांढरं साचतं. लिंबाच्या रसाने ते फसफसून निघतं. मग पाण्याचा ओला बोळा आणि शेवटी स्पिरिट. हातमोजे नसतील तर निदान नंतर साबणाने हात धुवावेत, डोळ्यांना बोट लावू नये.

नवा सेल घातला, जू लावलं, सेलच्या टोकांवर १.२ कायम राहिला. मग हत्यार जोडून प्लगच्या तोंडाशी मोजलं तर पुन्हा ०.९. सेल नवा, तरी आजार तोच. शेवटी निगेटिव्हची वायर सोलून पाहिली. इन्सुलेशनच्या आत तांबं पार काळं पडलेलं, कोळशाच्या भुकटीगत. सेलमधला अल्कली वायरच्या धाग्याधाग्यांतून आत शिरत जातो, आणि जातो तो बहुतेक निगेटिव्हच्याच वायरमधून. बाहेरून वायर नव्यासारखी लालचुटूक प्लास्टिकमध्ये झाकलेली. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, आणि जबरदस्तीने धरलंच तरी त्यातून तीन अँपिअर सरळ जात नाहीत. चकचकीत तांबं लागेपर्यंत ती कापत मागे जायचं, किंवा सरळ नवी जाड वायर टाकायची. मी नवीच टाकतो. तेव्हापासून ग्लो स्टार्टर आला की आधी वायर सोलतो, सेलची चौकशी नंतर.

कधी कधी तर सेलही ठीक असतो आणि वायरही. प्लगला पकडणारा जबडा आणि मधली दांडी, या दोन्हीवर जळलेल्या एरंडेलाचा तांबूस थर बसलेला असतो. हा थर नखाने निघत नाही. बारीक पॉलिश पेपर आणि स्पिरिट, एवढ्यावर काम होतं. त्याचे मी चहाइतके पैसे घेतो, कारण अर्धे गिऱ्हाईक तर हे घरीही करू शकले असते.

सेलवर वायर सोल्डर करण्याची एक गंमत आहे. नवा मेकॅनिक सेल तापू नये म्हणून लहान, पंचवीस वॉटचं आयर्न घेतो. ते सेलच्या लोखंडी बुडावर ठेवलं की सगळी उष्णता बूडच पिऊन टाकतं, सोल्डर वितळत नाही, आणि हा तसाच दाबून धरून बसतो. तेवढ्या वेळात आतला नायलॉनचा सील आणि पडदा भाजून निघतो. मोठं, शंभर वॉटचं आयर्न घ्यावं, बूड पॉलिश पेपरने घासावं, किंचित पेस्ट, आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब आधीच घेऊन ते टेकवावं आणि दोन सेकंदांत उचलावं. सेल हाताला कोमट लागतो, त्याहून जास्त नाही. हे शिकवायला बसलो की शिकाऊ पोरांचा विश्वास बसत नाही, कारण दिसायला मोठं आयर्न जास्त जाळेल असंच वाटतं. सगळ्यात उत्तम म्हणजे निकेलची पट्टी आधीच वेल्ड करून आलेला टॅबवाला सेल. तो मिळाला तर सेलला आयर्न लावूच नये, पट्टीला लावावं.

मिळाला तर, हे महत्त्वाचं. बालाघाटला तो मिळत नाही. नागपूरला सीताबर्डीच्या मोदी नंबर दोन गल्लीत शोधावा लागतो, आणि तिथेही दुकानदार आधी विचारतो, “ड्रिल मशीनचा का?” कॉर्डलेस ड्रिलमध्ये हेच सेल असायचे, म्हणून ते टिकले. माल निवडताना वेष्टनावरच्या आकड्यावर जाऊ नये. मी चार हजार, पाच हजार मिलिअँपिअर-तास छापलेले सब-सी पाहिले आहेत. सेल खरा असेल तर तो पन्नास ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड भरतो. छापलेला आकडा मोठा आणि वजन हलकं, म्हणजे आत पोकळी आहे. माझ्या शेजारी सोनाराचं दुकान आहे. खेप आणली की सगळे सेल मी त्याच्या काट्यावर टाकतो. एकदा एका खेपेतले दोन सेल बाकीच्यांपेक्षा बरेच हलके भरले, आणि लोड लावल्यावर तेच दोन आधी बसले. सोनार तेव्हापासून माझ्या मालाला कॅरेट विचारतो.

सेलची बाजू उलटी लागली तर काय, हाही एक नेहमीचा घोळ. प्लगला प्लस-मायनसचं काही देणंघेणं नसतं, तो दोन्हीकडून सारखाच तापतो. त्यामुळे उलटा लावलेला सेल पहिल्या दिवशी झकास काम करतो. रात्री चार्जर लावला की मात्र चार्जर त्याला उलटं भरायला बघतो आणि सेलचं मातेरं होतं. वर मीटर असलेल्या हत्यारात काटा उलट्या बाजूला थडकतो, तेवढी तरी सूचना मिळते. मीटर नसलेल्या हत्यारात तीही नाही. म्हणून जुना सेल काढण्याआधी मी स्केच पेनने नळकांड्यावर आतून खूण करतो.

आणि चार्जरचा हिशेब. जुन्या हत्याराबरोबरचा चार्जर बाराशे-तेराशे मिलिअँपिअर-तासाच्या सेलसाठी बनवलेला, सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअरचा. सेलच्या क्षमतेच्या दहाव्या भागाने चौदा ते सोळा तास, हे जुनं गणित. आता निकेल-कॅडमियम दुर्मिळ झाल्यावर मी निकेल-मेटल हायड्राइडचा तीन हजारांचा सेल घातला, तर त्याच चार्जरला तो भरायला दीड दिवस लागणार. गिऱ्हाईक रात्रभर लावतो, सकाळी अर्धा भरलेला सेल घेऊन मैदानावर जातो आणि दुपारी माझ्याकडे येऊन म्हणतो, “नवीन टाकला म्हणता, अन् अर्ध्या दिवसात संपला.” आता मी प्रत्येक हत्यारावर चिठ्ठी डकवतो, किती तास लावायचं. उलटही होतं. चार्जरवर लावून माणूस लग्नाला जातो आणि आठवड्याने येतो. निकेल-कॅडमियमला मेमरी असते, मेमरी असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि दोष सगळे तिलाच देतात. माझ्याकडे आलेल्यांतले कितीतरी सेल मेमरीने नाही, ओव्हरचार्जिंगने मेले होते. अर्थात हे गिऱ्हाइकाला सांगणं वेगळं आणि त्याने मानणं वेगळं.

‘एवढासा सव्वा व्होल्ट, त्यापेक्षा लिथियम टाका ना’, हा सल्ला मला महिन्याआड मिळतो. गोंदियाच्या एका हौशी माणसाने तो कुठल्यातरी मेकॅनिककडून अमलातही आणला. मोबाइलवाला ३.७ व्होल्टचा सेल त्याच नळकांड्यात बसवून घेतला. पहिल्याच वेळी प्लगमध्ये एक पांढरा लखलखाट झाला आणि वेटोळं तुटलं. प्लग खराब होता म्हणून त्याने दुसरा लावला. मग तिसरा. बाहेरून मागवलेले प्लग, एकेक काही शे रुपयांचा. माझ्याकडे आला तेव्हा त्याची तक्रार प्लगच्या कंपनीबद्दल होती. वेटोळ्याला सव्वा ते दीड व्होल्ट हवेत. पावणेचार दिले तर प्लॅटिनम असलं तरी ते किती वेळ सोसणार?

पण लिथियमच्या त्याच्या आग्रहात तथ्य होतं, हेही मान्य केलं पाहिजे. लिथियम हलका, महिनोन्महिने चार्ज टिकवून धरणारा. म्हणून पुढे मी त्याला एक करून दिलं. आत १८६५० मापाचा एक लिथियम सेल, त्याचं संरक्षक सर्किट, आणि मध्ये व्होल्टेज उतरवणारं छोटं कन्व्हर्टर बोर्ड, दीड व्होल्टच्या थोडं खाली बांधलेलं. याचा फायदा असा की सेल भरलेला असो की अर्धा, प्लगला तेच मिळतं. निकेलवाल्या जुन्या हत्यारात प्लगचा रंग उतरत जातो आणि त्यावरून सेल संपत आलाय हे कळतं. इथे शेवटपर्यंत लालबुंद, आणि मग एकदम बंद. जुने लोक याला नावं ठेवतात. एका अर्थी त्यांचं बरोबर आहे, सूचना न देता बंद पडणारं हत्यार मैदानावर चिडचिड करतं. मी त्यात एक लहान एलईडी टाकतो, पण उन्हात ती कुणाला दिसते!

मोठ्या स्टार्टरची गोष्ट थोडक्यात सांगतो. मोठ्या इंजिनाला बोटाने झटका देणं धोक्याचं, तिथे बारा व्होल्टची मोटर असलेला स्टार्टर रबरी खोबणीने प्रोपेलरच्या नाकावर दाबतात. त्याला लागणारी बॅटरी कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली, बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाची, कुठेही मिळणारी. बदलणं पाच मिनिटांचं काम. पण ती मरते का, तर आमच्या पावसामुळे. जूनमध्ये उडवणं बंद, धान रोवण्या सुरू, मैदानं चिखल. विमानाच्या सामानाची पेटी कपाटावर चढते ती दिवाळीला उतरते. त्या पेटीत दोन बॅटऱ्या असतात आणि दोघींचे स्वभाव उलटे. निकेल-कॅडमियम रिकामा पडून राहिला तरी फारसं बिघडत नाही, दिवाळीला चार्ज केला की उठतो. लेड-ॲसिड मात्र भरलेलीच ठेवावी लागते. अर्धी रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग चार्जर लावला तरी ती करंटच घेत नाही. लोक नेमकं उलटं करतात. नळकांडं महिनोन्महिने चार्जरवर, आणि मोठी बॅटरी शेवटच्या उड्डाणानंतर होती तशी. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली तर आणखी लवकर जाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आमच्याकडे मे महिना पंचेचाळिसाला टेकतो.

पार शून्य व्होल्ट दाखवणारा निकेल-कॅडमियम सेलही कधी येतो. आत कॅडमियमचे बारीक स्फटिक वाढून पडद्याला भोक पाडतात आणि दोन्ही पट्ट्या आपसात जोडल्या जातात. यावर एक जुना इलाज गावोगावी माहीत आहे. गाडीच्या बॅटरीचा क्षणभर झटका द्यायचा, ते स्फटिक जळतात, सेल जिवंत होतो. होतो, खरंच होतो. पण भोक तिथेच असतं, आणि महिन्याभरात स्फटिक पुन्हा त्याच वाटेने येतात. शिवाय झटक्याने सेल फुटूही शकतो. काही मेकॅनिक यावर धंदा करतात. गिऱ्हाईक समोर पाहतो की शून्याचे सव्वा झाले, खूश होऊन पैसे देतो, आणि महिन्याने तोच दोष घेऊन भलत्याच दुकानात जातो. मी हा प्रयोग कुणी फारच आग्रह केला तर चष्मा लावून करून दाखवतो, पैसे घेत नाही, आणि बिलावर काही लिहीत नाही.

पैशाचं म्हणाल तर या कामात काही नाही. नागपूरची खेप, वजनकाटा, उघडणं, वायर, साफसफाई, लोड लावून तपासणं, एवढं करून सेलच्या किमतीइतकी मजुरी मागितली तर माणूस माझ्या तोंडाकडे पाहतो. इन्व्हर्टरची एक बॅटरी विकली की यातल्या दहा कामांइतकं सुटतं. घरचेही हे बोलून दाखवतात. तरी करतो, कारण ॲम्प्लिफायरपासून इन्व्हर्टरपर्यंत माझं सगळं काम त्यानंतर सुधारलं. यूपीएसची तक्रार आली की आता मी सर्किट उघडत नाही. आधी बॅटरीवर साठ वॉटचा गाडीचा बल्ब लावतो, मग बोलतो.

पोरं अजून येतात. गोंदियाजवळच्या बिरसीचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला, पण तिथे वैमानिक प्रशिक्षण सुरू झाल्यापासून आकाशात छोटी विमानं दिसायला लागली आणि त्यांच्याकडे पाहून चार जणांना मॉडेलचा नाद लागतोच. पण आता बहुतेक विमानं इलेक्ट्रिक. मिथेनॉल विषारी, त्याच्या विक्रीवर बंधनं, ते सहज मिळत नाही. त्यापेक्षा लिथियम-पॉलिमरची पुडी घातली की पंखा फिरला. फुगलेली पुडी घेऊन येतात, टाचणीने हवा काढून द्या म्हणतात. तिला मी हात लावत नाही, दुकानातही ठेवून घेत नाही. ग्लो स्टार्टर आता आणतात ते जुने, केस पिकलेले हौशी. त्यांना निकेल-कॅडमियमच हवा असतो, मेटल हायड्राइड नको. हट्ट अगदीच निराधार नाही, थंडीत आणि जास्त करंटला तो खरोखर भक्कम असतो. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने बनवलेली ही जात शंभर वर्षं टिकली ती उगाच नव्हे.

पण कॅडमियम हे विष आहे. शरीरात गेलं की वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साचून राहतं. युरोपात २०१६ संपताच कॉर्डलेस हत्यारांतल्या नव्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची विक्री बंद झाली. आपल्याकडे २००१ चे नियम फक्त लेड-ॲसिडपुरते होते. २०२२ च्या नव्या नियमांनी सगळ्या जातींच्या बॅटऱ्या त्यात घेतल्या आणि परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. बालाघाटच्या कबाडीला मात्र यातलं शिसं तेवढं कळतं. लेड-ॲसिडची बॅटरी तो किलोच्या भावाने हातातून ओढून घेतो, सब-सी सेल दाखवला तर म्हणतो, “हे काय कामाचं, भाऊ?” म्हणून काढलेले सेल मी टोकांना टेप लावून डब्यात साठवतो आणि सेल आणायला नागपूरला गेलो की तिथल्याच दुकानदाराच्या गोळा करण्याच्या पेटीत टाकतो.

यावरूनच गिऱ्हाइकांशी माझं सगळ्यात जास्त वाजतं. नवा सेल घातला की ते जुना परत मागतात. रेडिओचा पार्ट बदलला की जुना परत मागायचा, ही आमच्याकडची रीत, आणि ती चांगलीही आहे, त्याने फसवणूक टळते. म्हणून मी जुना सेल त्यांच्या समोर ठेवतो, त्यावर ०.४७ चा रेझिस्टर लावतो, मीटरचा आकडा त्यांनाच वाचायला सांगतो आणि मग सेल डब्यात टाकतो. घरी नेऊ देत नाही. मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त मास्तर यावरून फार चिडले. माझी वस्तू, तुम्ही कोण ठेवणारे, म्हणाले. बराच वेळ बोलले, पैसे मोजून टेबलावर आपटले आणि गेले. पंधरा दिवसांनी दुसरं नळकांडं घेऊन आले. या वेळी जुना सेल त्यांनी घरीच काढून, टोकाला टेप लावून पिशवीत आणला होता.